मेपल की बांबू? एकाच मुठीवर दोन पात्यांच्या जोड्या, नऊ महिन्यांनंतर

वर्तकनगरला राहतो, रविवारी कोलशेतला मित्राच्या जागेत 20 मीटरवर सराव करतो. टेकडाउन (सुटं करता येणाऱ्या) रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्याची मूठ एकच, पात्यांच्या, म्हणजे वाकणाऱ्या हातांच्या, जोड्या दोन. दोन्ही 28 इंच ओढल्यावर 35 पौंड जोर लागणाऱ्या, वर-खाली फायबरग्लास. फरक फक्त गाभ्यात: एकीत मेपल, दुसरीत बांबू.

घेताना मला वाटलं होतं, लाकूड बदललं की सगळंच बदलेल. तसं होत नाही. पातं वाकतं तेव्हा ताण आणि दाब सर्वाधिक बाहेरच्या थरांवर येतो, म्हणजे फायबरग्लासच्या काचेवर. गाभा त्या दोन थरांना एकमेकांपासून लांब धरतो आणि त्यांना एकमेकांवरून सरकू देत नाही. शिवाय जाडीचा परिणाम फार मोठा. लाकडाची पट्टी 10 टक्के जाड केली की ती सुमारे 33 टक्के ताठ होते, त्यामुळे कारागीर कुठल्याही लाकडात हवे ते पौंड आणू शकतो. उरतं ते वजन, खासकरून टोकाकडचं. टोक हलकं असेल तर साठलेली ताकद बाणात जास्त जाते, हातात हिसका कमी बसतो.

माझा बांबू इथेच उजवा ठरला. सामान तोलायच्या काट्याने दोरी ओढून पाहिली तर ती जोडी मेपलपेक्षा अर्धा पौंड कमीच भरते, तरी तेच बाण, तोच नेम, आणि बाण चार बोटं वर लागतात. बाण सोडल्यावर हातही शांत राहतो. मेपल वाईट मुळीच नाही. सरळ रेषांचं, एकसारखं, गोंद छान धरणारं लाकूड आहे. पहिलीच जोडी घेणाऱ्याला मी तेच सुचवेन.

खरी परीक्षा जुलैत झाली. भिंतीवर टांगलेला माझा नुसत्या बांबूचा कामठा 30 पौंडांवरून 27 वर आला. काचेच्या दोन्ही जोड्या जवळपास होत्या तिथेच राहिल्या, कारण काच आणि इपॉक्सी (थर चिकटवणारा गोंद) दमट हवा फारशी आत जाऊ देत नाहीत. कडा मात्र उघड्या असतात. मेपलच्या एका टोकाशी दोरी घासून पॉलिश गेलं होतं, तिथे लाकूड काळपट पडलं. पॉलिश पेपरने घासून, पूर्ण सुकवून पॉलियुरेथेनचे तीन हात दिले. तेव्हापासून ठीक आहे.

ठाण्यात वापरणार असाल तर हे काम मे महिन्यातच उरका. आणि धनुष्य उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. तापलेलं इपॉक्सी मऊ पडतं, मग गाभा कुठलाही असो, थर सुटू शकतात.