अमेरिकेतलं ऑनर्स फिजिक्स: एक सत्र पूर्ण झाल्यावरचा अनुभव

जेईईची तयारी झालेली असेल तर ऑनर्स फिजिक्स, म्हणजे पहिल्या वर्षाच्या फिजिक्सची वरची, अवघड वाट, बिनधास्त घ्या, असा सल्ला अमेरिकेत बीएस करायला निघालेल्या मुलांना हमखास मिळतो. सल्ला निम्मा खरा आहे. पुली, ठोकळे, उतार, टकरी सगळं ओळखीचं निघतं आणि पहिले दोन आठवडे हात झरझर चालतो. मग पहिला तपासलेला गृहपाठ परत येतो. उत्तरं बरोबर, तरी दहापैकी चार-पाच गुण. हा कोर्स नेमका कशाचा आहे, ते तिथे कळतं.

बहुतेक मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या दोन-तीन वाटा असतात. एक कॅल्क्युलसशिवायची, एक इंजिनिअरिंगवाल्यांसाठी कॅल्क्युलससह, आणि तिसरी ऑनर्स. एमआयटीत ८.०१ क्रमांकाचा नेहमीचा कोर्स आणि ८.०१२ क्रमांकाचा वरचा असे दोन्ही आहेत, आणि कुठलाही घेतला तरी पहिल्या फिजिक्सची अट पूर्ण होते. विषयांची यादी बरीचशी सारखीच: न्यूटनचे नियम, ऊर्जा, संवेग, परिवलन, दोलनं, गुरुत्वाकर्षण. ऑनर्समध्ये वर फिरत्या चौकटी (फिरणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेतून गती मोजणं), जायरोस्कोप (वेगाने फिरणाऱ्या चाकाचा आस कसा वळतो ते) आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी विशेष सापेक्षता येते. पण यादी वाचून फरक कळत नाही. फरक गुण कशाला मिळतात यात आहे.

गणिताला दहा गुण असतील तर शेवटच्या उत्तराला एक-दोन. बाकीचे गुण आकृती, अक्ष कुठे धरले, कोणती वस्तू ‘सिस्टीम’ मानली, कोणता नियम कशाच्या आधारावर लावला आणि उत्तर तपासलं का, यांवर वाटलेले. आपल्याकडे सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. इथे सव्वा तासाच्या परीक्षेत तीन-चार प्रश्न येतात. सूत्र आठवून आकडे टाकण्याची सवय इथे आडवी येते, कारण आकडे बहुतेक दिलेलेच नसतात. शेवटपर्यंत अक्षरांनीच काम करायचं आणि मग मर्यादा तपासायच्या. ॲटवुडच्या यंत्रात (पुलीवरच्या दोरीला दोन्हीकडे लोंबणारी दोन वजनं) पुलीला वस्तुमान असेल, तर पुलीचं जडत्व शून्य केल्यावर जुनं ओळखीचं सूत्र परत मिळालं पाहिजे आणि दोन्ही वजनं सारखी केली की त्वरण शून्य यायला हवं. या दोन ओळी लिहायला अर्धा मिनिट लागतो. त्यानेच चिन्हांच्या निम्म्या चुका पकडल्या जातात.

या कोर्सचा नमुना म्हणून एक गणित पुरेसं आहे. घर्षण नसलेली सळई एका टोकाभोवती आडव्या प्रतलात स्थिर कोनीय वेगाने फिरते आहे, तिच्यात एक मणी ओवलेला आहे. मणी कसा सरकेल? घर्षण नाही, म्हणजे सळई मण्याला फक्त आडव्या बाजूने, म्हणजे स्वतःच्या लांबीला काटकोनात, ढकलू शकते. त्रिज्येच्या दिशेने बल शून्य, म्हणून त्या दिशेचं त्वरणही शून्य. इथे बहुतेक जण थांबतात आणि मणी एकसमान वेगाने सरकतो असं लिहून मोकळे होतात. पण ध्रुवीय निर्देशकांत त्रिज्येच्या दिशेच्या त्वरणाला दोन भाग असतात: त्रिज्येचं दुसरं अवकलन, वजा त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. बेरीज शून्य असेल तर त्रिज्या घातांकी वेगाने वाढते. मणी सळईवर स्थिर असताना सोडला असेल तर उत्तर हायपरबोलिक कोसाइनमध्ये येतं.

दुसरी चूक क्लासवाल्यांची. आकृतीत अपकेंद्री बल काढायचं आणि वर समीकरणात वजा चिन्हाचा तो भागही ठेवायचा. एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि वाढीचा दर वर्गमूळ दोन पटीने जास्त येतो. जमिनीच्या चौकटीत अपकेंद्री बल नाही. सळईच्या चौकटीत आहे, पण मग तिथे तो भाग समीकरणात नाही. कोणत्या चौकटीत काम चाललंय हे पहिल्या ओळीत लिहिलं नसेल, तर बरोबर उत्तरालाही गुण कापतात, आणि ते रास्तच आहे. तिसरी चूक आडव्या बलाची. ते वस्तुमान, सरकण्याचा वेग आणि कोनीय वेग यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असतं. दोनचा गुणक सुटतो, कारण बाहेर गेल्यावर आडवा वेग वाढतो एवढंच लक्षात राहतं. सरकण्याच्या वेगाची दिशासुद्धा सळईबरोबर वळते, आणि उरलेला अर्धा भाग तिथून येतो. ध्रुवीय त्वरणाची ही चार पदं दुसऱ्या आठवड्यातच एकदा स्वतः सिद्ध करून ठेवा. पाठ करून चालत नाही. पुढे केप्लरच्या ग्रहकक्षा, फिरत्या चौकटीतलं कोरिऑलिस बल, सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

बदलत्या वस्तुमानाचंही तसंच. रॉकेटला ‘बल म्हणजे संवेगाच्या बदलाचा दर’ हे सूत्र सरळ लावून गुणाकाराचं अवकलन केलं की उत्तर चुकतं, कारण बाहेर पडलेलं इंधन सिस्टीममधून गुपचूप वगळलं जातं. क्षण आधी आणि क्षण नंतर अशी दोन चित्रं काढून दोन्हींत तेच कण मोजले, तर सूत्र आपोआप बरोबर निघतं. परीक्षेत बऱ्याचदा याचं दुसरं रूप येतं: सरकत्या पट्ट्यावर पडणारी वाळू. पट्टा सेकंदाला २ मीटर, वाळू सेकंदाला ३ किलो. पट्ट्याचा वेग टिकवायला ६ न्यूटन बल आणि १२ वॉट शक्ती लागते. वाळूची गतिज ऊर्जा मात्र फक्त ६ वॉटने वाढते. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून सुरुवात करणारे ३ न्यूटनवर पोचतात. उरलेले ६ वॉट वाळू पट्ट्याचा वेग पकडेपर्यंत घसरते त्या घर्षणात जातात, आणि घर्षणांक कितीही असो, हा वाटा बरोबर निम्माच राहतो. का, हे पट्ट्याच्या चौकटीत जाऊन दाखवता आलं तर पूर्ण गुण.

गणिताची तयारी हा खरा खर्च आहे. सदिशांचं अवकलन दुसऱ्या आठवड्यात लागतं, चल वेगळे करून सोडवायची समीकरणं हवेच्या रोधासाठी तिसऱ्या-चौथ्यात, रेषा-संकलन ऊर्जेबरोबर. आणि टेलर श्रेणी (छोट्या बदलाचा सोपा अंदाज काढायची रीत) तर पदोपदी. दहा किलोमीटर उंचीवर गुरुत्वत्वरण किती कमी होतं, याला कॅल्क्युलेटर काढू नये. उंची भागिले पृथ्वीची त्रिज्या, त्याची दुप्पट, म्हणजे सुमारे ०.३ टक्के. शंभर मीटरवरून सोडलेला दगड पृथ्वीच्या फिरण्यामुळे किती पूर्वेला पडतो, हेही अशाच अंदाजाने येतं: हवेचा रोध सोडला तर मुंबईच्या अक्षांशावर जेमतेम २ सेंटिमीटर. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस सोबत चालू असेल तर निभतं, पण गणिताचा कोर्स फिजिक्सच्या बराच मागे असतो. उन्हाळ्यातच आंशिक अवकलन आणि साधी अवकल समीकरणं उरकून यावं.

वेळेचा हिशेब सांगायचा तर लेक्चर सोडून आठवड्याला १० ते १२ तास. गृहपाठात सहा-आठ गणितं. पहिली तीन तासाभरात होतात, शेवटची दोन एक आख्खी संध्याकाळ खातात. ती एकट्याने सोडवायचा हट्ट धरू नये. चर्चा करायला परवानगी असते, पण लिखाण स्वतःचं हवं आणि कोणाबरोबर चर्चा केली त्यांची नावं वर लिहायची. आपल्याकडे जर्नल उतरवून काढण्याला कोणी फार मनावर घेत नाही. इथे ते शिस्तभंगाचं प्रकरण होतं. ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या ठरलेल्या वेळांना, रिकाम्या कागदाने जाण्यात अर्थ नाही. दोन प्रयत्न करून, कुठे अडलं ते दाखवलं तर पाच मिनिटांत काम होतं.

प्रयोगशाळेबद्दल कौतुक करावं तेवढं थोडं, आणि ती सगळ्यांनाच आधी कंटाळवाणी वाटते. लोलकावरून गुरुत्वत्वरण काढायचं. आठवी-नववीत केलंय की! पण इथे किंमत ९.८ यायला हवी अशी अपेक्षाच नसते, तिच्यातली अनिश्चितता किती हे विचारतात. एक मीटर लांबीच्या लोलकाचं एक आंदोलन साधारण २ सेकंदांचं. स्टॉपवॉचवर हाताची चूक ०.२ सेकंद धरली तर काळात १० टक्के, आणि काळाचा वर्ग असल्याने त्वरणात २० टक्के. वीस आंदोलनं मोजली की तीच चूक त्वरणात १ टक्क्यावर येते. मग कोणी शंभर आंदोलनं मोजतं, उत्साहाने लोलक २० अंशांपर्यंत ओढून सोडतं, आणि तिथे गफलत होते. एवढ्या कोनाला आवर्तकाल सुमारे पाऊण टक्का वाढतो आणि त्वरण दीड टक्का कमी येतं. कितीही आंदोलनं मोजली तरी ही चूक जात नाही, कारण ती हाताची नाही, सूत्राची आहे. कोन ५ अंशांच्या आत ठेवा आणि लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा.

जायरोस्कोपचा आठवडा सुंदर असतो, पण घाईत उरकतात, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे. टॉर्कने (बलाच्या फिरवण्याच्या परिणामाने) कोनीय संवेगाची दिशा बदलते हे फळ्यावर दोन बाण काढून पटत नाही. सायकलचं चाक हातात धरून एकदा बघावं. २ किलोचं चाक, त्रिज्या ३० सेंटिमीटर, आधारापासून १५ सेंटिमीटरवर, सेकंदाला सुमारे तीन फेरे: आसाची आधाराभोवती एक प्रदक्षिणा साधारण सात सेकंदांत पुरी होते. चाकाचा वेग मंदावला की प्रदक्षिणा जलद होते, हे ऐकून बहुतेकांना उलटं वाटतं.

पुस्तक बऱ्याच ठिकाणी क्लेपनर-कोलेनकोवचं असतं. १९७३ची जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी मेकॅनिक्सला पुरते. सोबत ८.०१२ च्या जुन्या परीक्षा ओपनकोर्सवेअर या एमआयटीच्या वेबसाइटवर फुकट आहेत, त्या वेळ लावून सोडवाव्यात.

झेपत नाही असं वाटलं तर पहिल्या काही आठवड्यांत साध्या वाटेवर जाता येतं, आणि त्यात कमीपणा नाही. फक्त कोर्स नुसता सोडून देऊ नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात सहसा किमान १२ क्रेडिट लागतात. त्याखाली जायचं तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते, नंतर नाही. दुसऱ्या सत्रात विद्युतचुंबकत्वासाठी पर्सेलचं पुस्तक लावलं असेल तर जुनं पुस्तक घेताना बघून घ्या: आधीच्या आवृत्त्या गाउसच्या एककांत आहेत, २०१३ची तिसरी एसआयमध्ये. गृहपाठ एकात आणि पुस्तक दुसऱ्यात असेल तर ४π चा गुणक शोधण्यात रात्री जातात.