आधी डिकी मोजा, मग इंच ठरवा: सीलबंद, पोर्टेड की सीटखालचा सबवूफर?

गाडीसाठी सबवूफर, म्हणजे खालचे, जड सूर वाजवणारा मोठा स्पीकर, घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न इंचांचा विचारतो आणि दुसरा वॅटचा. स्पीकर ज्यात बसतो त्या डब्याचा विषय अगदी शेवटी निघतो, तोही ‘एखादा तयार बॉक्स देऊन टाका’ एवढ्यापुरता. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी डिकी, मग डबा आणि मग त्या डब्याला मानवेल असा स्पीकर. एकच दहा इंची स्पीकर सीलबंद डब्यात एक वाजतो, पोर्टेड डब्यात दुसराच वाजतो, आणि चुकीच्या मापाच्या डब्यात महागातला महागही रडतो.

नाशिकमध्ये डिकीवर आधीच बऱ्याच जणांचा हक्क असतो. सीएनजीची टाकी, वणीला गडावर जाताना घरच्यांच्या पिशव्या, गावाहून येणारी कांद्याची गोणी. यातून उरेल तेवढीच जागा सबवूफरची.

सीलबंद डबा म्हणजे सगळीकडून हवाबंद खोका. आत कोंडलेली हवा स्पीकरच्या पडद्याला लगाम घालते. पडदा पुढे गेला की मागे ओढते, मागे आला की पुढे ढकलते. त्यामुळे थाप पडते आणि तिथेच थांबते, मागे शेपूट राहत नाही. कागदावर त्याची एक उणीव दिसते. ठरावीक मर्यादेखाली आवाज दर सप्तकाला 12 डेसिबलने उतरत जातो. घरातल्या हॉलमध्ये ही उतरण जाणवते. गाडीत मात्र वेगळंच घडतं. 40 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण साडेआठ मीटर, आणि स्विफ्टसारखी गाडी बंपरपासून बंपरपर्यंत चार मीटरच्या आत. लहर गाडीत मावतच नाही. काचा बंद असल्या की केबिनमधल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वरखाली होतो आणि खालचे सूर गाडीच उचलून धरते. डब्याची उतरण आणि केबिनची चढण एकमेकींना बऱ्यापैकी भरून काढतात. वीस लिटरच्या खोक्यातला दहा इंची ऐकून लोक ‘एवढ्याशातून?’ म्हणतात, ते याचमुळे.

पोर्टेड डब्याला नळी किंवा लांबट फट असते. पडद्यामागची हवा त्यातून बाहेर येऊन समोरच्या आवाजाला जोड देते. गाडीतले असे डबे बहुधा 32 ते 38 हर्ट्झच्या आसपास ट्यून करतात, म्हणजे नळीची जोड त्या सुरांना सगळ्यात जास्त मिळेल असं माप ठेवतात. त्या पट्ट्यात तेवढ्याच वॅटमध्ये साधारण 3 डेसिबलपर्यंत जास्त आवाज मिळतो, म्हणजे ॲम्पची (ॲम्प्लिफायरची) ताकद दुप्पट केल्यासारखंच. पण ट्यूनिंगच्या खाली गेलं की आवाज सप्तकाला 24 डेसिबलने कोसळतो आणि पडद्यामागचा लगाम सुटतो. पडदा नुसता आत-बाहेर धावतो, ऐकू काही येत नाही आणि कॉइल मात्र मार खाते. म्हणून पोर्टेड डबा असेल तर ॲम्पमध्ये सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ट्यूनिंगखालचे सूर अडवणारी सोय, हवाच. दुकानदार ‘त्याची काही गरज नाही’ म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.

कानाला यातलं काय रुचेल, याची परीक्षा आपल्याकडे सोपी आहे. आधी मिरवणुकीतल्या नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग लावा, मग कीर्तनातला पखवाज. ढोलावर पोर्टेड डबा बाजी मारतो. छातीत धमक बसते, आरसे थरथरतात आणि मित्रमंडळी खूश. पण पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू जलद लयीत वाजू लागली की वाईट पोर्टेड डब्यात एक थाप दुसरीत मिसळते आणि उरतो एकच सूर, घुंम घुंम. सीलबंद डब्यात त्याच थापा सुट्या मोजता येतात. नीट हिशेब करून बनवलेला पोर्टेड डबाही स्वच्छ वाजतो, यात वाद नाही. पण दुकानात तयार मिळणारे डबे तुमच्या स्पीकरचा हिशेब करून बनलेले नसतात, आणि मापातली चूक सीलबंद डबा पोटात घालतो तशी पोर्टेड घालत नाही.

तिसरा पर्याय सीटखालचा, ॲम्प आतच असलेला चपटा सबवूफर. उदाहरणार्थ जेबीएलचा बेसप्रो एसएल, आठ इंची आणि 125 वॅट आरएमएस (म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद). डिकीला हात लागत नाही, वायरिंग थोडकं. एवढ्या पातळ खोक्यातून अगदी खोलवरचा बेस निघत नाही. पण दारातल्या स्पीकरमध्ये जी पोकळी जाणवते ती भरून निघते, आणि समृद्धीच्या काँक्रीटवर टायरच्या घरघरीत गाणं बुडत नाही. बँडपास डबा, म्हणजे ज्यात स्पीकर आतल्या दोन कप्प्यांच्या मध्ये बसतो आणि आवाज फक्त नळीतून बाहेर येतो तो, हवा असेल, तर बनवणारा खरोखर जाणकार हवा. एरवी त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता मोजमाप. डब्याचे लिटर आतून मोजायचे असतात, आणि इथेच सगळे फसतात. 18 मिलिमीटर एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा), बाहेरून 40 बाय 35 बाय 30 सेंटिमीटरचा डबा घ्या. बाहेरून 42 लिटर. दोन्हीकडची जाडी वजा केली की आत 36.4 बाय 31.4 बाय 26.4, म्हणजे जेमतेम 30 लिटर. त्यातले दोन-तीन लिटर स्पीकरचं मॅग्नेट आणि फ्रेम खाते. बऱ्याच बारा इंचींना सीलबंदसाठी हे माप चालून जातं. तोच बारा इंची पोर्टेड करायचा, तर आतून 45 ते 60 लिटर लागतात, शिवाय नळीची जागा वेगळी. नव्या स्विफ्टची डिकी 265 लिटरची, पण चाकांच्या कमानी सोडून चौकोनी खोका किती बसेल ते टेप लावूनच कळतं. डबा किंचित लहान पडत असेल, तर उशीत भरतात तो रेक्रॉनचा कापूस सीलबंद डब्यात सैल भरा. स्पीकरला जागा थोडी मोठी भासते.

स्पीकरच्या माहितीच्या कागदावर दोन आकडे शोधा, एफएस (Fs, पडद्याचा स्वतःचा नैसर्गिक कंपनांक) आणि क्यूईएस (Qes, त्या कंपनाला कॉइल-मॅग्नेट किती लगाम घालतात ते). पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर 50 च्या आसपास किंवा खाली आलं तर तो सीलबंदकडे झुकतो, 100 च्या पुढे गेलं तर पोर्टेडकडे, मधलं आलं तर दोन्हीकडे चालतो. कंपनीने शिफारस केलेले लिटर त्याच कागदावर असतात, ते सगळ्यात भरवशाचे. कागदच नसलेला स्पीकर घेऊ नये. खोक्यावरच्या ‘2000 वॅट’कडे बघायचंच नाही, फक्त आरएमएस बघा.

वायरिंगबद्दल थोडंच. 300 वॅट आरएमएसचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प पूर्ण जोरात 25-30 अँपिअर ओढतो. त्याला जाड, शुद्ध तांब्याची वायर लागते आणि बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज. कंपनीच्या टचस्क्रीनला आरसीए (ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी) नसेल, तर हाय-लेव्हल इनपुट असलेला, म्हणजे स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घेणारा ॲम्प घ्या आणि मूळ वायर न कापता कपलरने (जोड-प्लगने) जोडून मागा. वॉरंटीचा वाद टळतो.

मला विचाराल तर घरच्यांनाही वापरायच्या हॅचबॅकमध्ये दहा इंची सीलबंद, पुढचा विचार नको. डिझायरसारख्या सेडानमध्ये डिकी आणि केबिन यांच्यामध्ये सीट व पत्रा येतो, डिकी 382 लिटरची आहे, आणि रोज सामान नसेल तर तिथे पोर्टेडला अर्थ आहे. सीएनजीची टाकी डिकीत असेल तर सरळ सीटखालचा. टाकीशेजारी डबा रेटून बसवायचा, पत्र्याला स्क्रू मारायचे, हे नकोच. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी (पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी) टाकी काढावी लागते तेव्हाही अडचण होते. इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी एमडीएफऐवजी चांगला प्लाय घ्यावा. ओल्या छत्र्या आणि रेनकोट डिकीत पडले की एमडीएफच्या कडा फुगतात.

डबा ताब्यात घेताना बोटाच्या पेराने सगळ्या बाजूंवर टकटक करा. पोकळ वाजली ती बाजू आतून आडव्या पट्टीने बांधून मागा. सीलबंद असेल तर दोन्ही तळहातांनी पडदा सरळ, हळू दाबून धरा आणि सोडा. सावकाश परत आला तर डबा घट्ट आहे. टपकन उसळला तर कुठूनतरी हवा निघतेय, बहुधा मागच्या टर्मिनलच्या प्लॅस्टिकच्या वाटीतून. तिथे सिलिकॉन भरून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.