टॅक्स सॉफ्टवेअर की सीए? बाबांच्या वहीने केलेला निकाल

तीन वर्षं माझं रिटर्न मी पैसे मोजून घेतलेल्या एका टॅक्स सॉफ्टवेअरवर भरतोय. ऑफिसातून मिळणारा पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म सोळा, चढवला, ई-व्हेरिफाय केलं की झालं. सीएला हजार रुपये कशाला द्यायचे, हे घरात सगळ्यांना मीच सांगायचो.

सप्टेंबरात बाबांचं रिटर्न त्यावरच भरायला घेतलं. जिल्हा परिषदेची पेन्शन वर्षाला ६,६०,०००, वर एफडीचं व्याज. सॉफ्टवेअरने एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडे जमा झालेली आपल्या उत्पन्नाची यादी, ओढून घेतलं आणि सांगितलं, १७,९८० रुपये कर भरा. मुदत संपत आली होती, मी भरणारच होतो. बाबा म्हणाले, "थांब, वही आणतो."

दर तिमाहीचं व्याज ते निळ्या शाईने तारखेसकट लिहून ठेवतात. बेरीज आली ८४,६००. स्क्रीनवर १,६९,२००! एआयएसमध्ये तेच व्याज दोन जागी होतं, एकदा टीडीएसखाली, म्हणजे व्याजातून आधीच कापलेल्या कराच्या नोंदीत, आणि एकदा बँकेने कळवलेल्या माहितीत. सॉफ्टवेअरने दोन्ही मिळवले. २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत उत्पन्न सात लाखांपर्यंत असेल तर रिबेट, म्हणजे पूर्ण करमाफी, होती. ७५,००० ची वजावट जाऊन बाबांचं उत्पन्न ६,६९,६००, म्हणजे कर शून्य, उलट कापलेला ८,४६० टीडीएस परत मिळायचा. दुप्पट व्याजाने आकडा सात लाखांपलीकडे गेला आणि रिबेटच उडाला.

सॉफ्टवेअरवाल्यांना चॅटवर विचारलं, उत्तर मिळालं, "आकडे खात्याकडून आलेत, तुम्ही तपासून घ्या." मग पैसे कशाचे घेता? पेन्शनवर जगणाऱ्या माणसाचे अठरा हजार जात होते. अजून राग गेलेला नाही.

शेवटी आमच्या गल्लीतल्या सीए मॅडमकडे गेलो. त्यांनी टीआयएस, म्हणजे त्याच एआयएसचा खात्याने केलेला गोषवारा, उघडून तिथला एकदाच धरलेला आकडा दाखवला. मग बाबांना विचारलं, "काका, बँकेत १५एच दिला होता का?" आपला कर शून्य आहे, टीडीएस कापू नका, असं ज्येष्ठांनी बँकेला लिहून देण्याचा हा फॉर्म. नव्हता दिला. दिला असता तर टीडीएस कापलाच गेला नसता. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी व्याजावरच्या टीडीएसची मर्यादा ५०,००० वरून एक लाख झाली, हेही त्यांनीच सांगितलं. सॉफ्टवेअरने यातलं काहीच विचारलं नव्हतं.

माझ्या रिटर्नमध्ये त्याने कधी चूक केली नाही, हे खरं. पण नुसत्या पगाराचं रिटर्न सरकारी पोर्टलवर फुकट भरता येतं, बरेच आकडे तिथे आधीच भरलेले असतात. तेव्हा पुढच्या वर्षी माझं पोर्टलवर आणि बाबांचं मॅडमकडे. त्यांची फी हजार रुपये, आणि बाबांनी ती त्याच वहीत लिहून ठेवलीय, रिफंडच्या ८,४६० खाली.