रायन डे की जेम्स फ्रँकलिन: मोठी मॅच हरणारा कोच ठेवायचा की काढायचा?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधले हे दोन हेड कोच: रायन डे ओहायो स्टेट विद्यापीठाचा, जेम्स फ्रँकलिन तेव्हा पेन स्टेटचा. दोघांवर चाहत्यांचा आरोप वर्षानुवर्षं एकच: सोप्या मॅच आरामात जिंकतात, मोठ्या मॅचला कच खातात. ३० नोव्हेंबर २०२४ला डे स्वतःच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरला. त्या रात्री ‘यांच्यातला कोण आधी घरी जाणार’ असं विचारलं असतं, तर ओहायो स्टेटच्या कोलंबस शहरातल्या बहुतेकांनी डेचंच नाव घेतलं असतं. पण सात आठवड्यांत डेच्या हातात राष्ट्रीय करंडक आला, आणि पुढच्या ऑक्टोबरात नारळ मिळाला तो फ्रँकलिनला.

मुलं या विद्यापीठांत शिकतात म्हणून शनिवारी टीव्हीपुढे बसू लागलेली मराठी घरं अमेरिकेत आहेत. तिथेही पोरं आणि आईबाबा यांच्यात हाच वाद रंगतो. बाजू घ्यायची असेल, तर ही दोन माणसं शेजारी ठेवून पाहणं सोयीचं, कारण तक्रार एकच असूनही दोघांचे शेवट उलटे झाले.

क्रिकेटच्या सवयीने पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधी सांगतो. कॉलेज फुटबॉलचा हेड कोच म्हणजे निवड समिती, प्रशिक्षक आणि अर्धा कर्णधार, सगळं एकाच अंगावर. शाळकरी खेळाडूंच्या घरी जाऊन त्यांना आपल्याकडे ओढणारा तोच, सहायक कोच नेमणारा तोच, आणि चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे सरकायच्या चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला) जोखीम घ्यायची की किक मारायची हे ठरवणाराही तोच. त्यामुळे ‘कोच चांगला आहे’ असं कुणी म्हणालं, की यातल्या कुठल्या कामाबद्दल म्हणतोय ते विचारून घ्यावं. या दोघांची गल्लत इथेच होते.

पडक्या घरात आलेला आणि वाड्यात आलेला

उभारणीत फ्रँकलिन डेच्या पुढे आहे, यात मला शंका वाटत नाही. आधी तो व्हँडरबिल्टला होता. आग्नेय अमेरिकेतल्या सर्वांत दांडग्या लीगमधला तो कायमचा मार खाणारा संघ, आणि तिथे त्याने २०१२ आणि २०१३ असे सलग दोन हंगाम नऊ-नऊ मॅच जिंकून दाखवल्या. त्या विद्यापीठात हे आधी कधीच घडलं नव्हतं. २०१४च्या सुरुवातीला तो पेन स्टेटला आला तेव्हा सँडस्की प्रकरणानंतरच्या (माजी सहायक कोचने केलेल्या बाललैंगिक अत्याचारांनंतरच्या) शिक्षा चालू होत्या आणि शिष्यवृत्त्यांना कात्री लागलेली होती. तरी तिसऱ्या हंगामात त्याने बिग टेनचं (ओहायो स्टेट, मिशिगनही जिच्यात आहेत त्या लीगचं) विजेतेपद आणलं. सॅक्वॉन बार्कली, मायका पार्सन्स ही पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेली मंडळी त्याच्याच काळात तिथे घडली. पेन स्टेटमधला त्याचा एकूण हिशेब १०४ विजय, ४५ पराभव.

डेला वाडा आयता मिळाला. २०१८ला आधीचा हेड कोच अर्बन मायर निलंबित असताना त्याने तीन मॅच सांभाळल्या, तिन्ही जिंकल्या, आणि २०१९पासून खुर्ची त्याची झाली. ओहायो स्टेटकडे पैसा, परंपरा आणि देशातली सर्वोत्तम पोरं कायमच असतात. ‘आयत्या बिळावर नागोबा’ हा टोमणा त्याला पहिल्या दिवसापासून चिकटला. पण आयतं टिकवणंही सोपं नसतं: २०२४च्या हंगामाअखेर ७० विजय आणि फक्त १० पराभव हा आकडा कुठल्याही कोचला मिरवता येईल असा आहे. अडचण एवढीच की त्या दहांपैकी चार मिशिगनविरुद्धचे होते, तेही ओळीने. मिशिगन म्हणजे कट्टर वैरी; ओहायोत बाकी सगळं माफ असतं, हे नसतं. मिशिगनची विरोधी संघाच्या चालींचे इशारे चोरण्याची भानगड बाहेर आल्यावर ओहायोवाल्यांना एक सबब सापडली खरी, पण २०२४च्या १३-१०ला ती लागू पडत नाही. त्या दिवशी समोरचा संघ सरळसरळ कमकुवत होता.

घोडं पेंड कुठे खातं

२ नोव्हेंबर २०२४ला दोघे पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियममध्ये समोरासमोर आले. १,११,०३० प्रेक्षक, त्या मैदानावरची विक्रमी गर्दी. ओहायो स्टेट २०-१३ पुढे. शेवटच्या टप्प्यात पेन स्टेटचा चेंडू गोल रेषेपासून तीन यार्डांवर, हाताशी चार प्रयत्न. तीनदा त्यांनी चेंडू घेऊन धावणाऱ्या केट्रॉन ॲलनला मधल्या गर्दीत घुसवलं आणि चौथ्यांदा पास टाकला. हाती काही लागलं नाही. मग चेंडू ओहायो स्टेटकडे गेला आणि उरलेली पाच मिनिटं त्यांनी तो परत दिलाच नाही.

पेन स्टेटच्या जुन्या चाहत्यांना ही कथा पाठ होती. २०१७ला ओहायो स्टेटविरुद्ध शेवटच्या क्वार्टरमध्ये १५ गुणांची आघाडी, निकाल ३८-३९. २०१८ला २६-२७ असताना चौथा डाउन, पाच यार्ड हवेत, आणि पास टाकायचा सोडून धावण्याचा डाव. ओहायो स्टेटविरुद्ध फ्रँकलिनचा हिशेब अकरा मॅच, एक विजय. पहिल्या दहातल्या संघांविरुद्ध पेन स्टेटमध्ये असताना चार विजय, एकवीस पराभव. एवढा नमुना हाती आल्यावर नशिबाला दोष देता येत नाही.

गंमत म्हणजे त्याच महिन्याच्या शेवटी डेनेही नेमकी तीच चूक केली. जेरेमाया स्मिथ आणि एमेका एगबुका असे रिसीव्हर (पास झेलणारे) हाताशी असताना मिशिगनच्या सर्वांत भक्कम फळीवर, अगदी मधोमध, तो पुन्हा पुन्हा डोकं आपटत राहिला. त्या दिवशी दोघे कोच सारखेच दिसत होते. फरक पडला तो त्यानंतर.

तीन आठवड्यांनी प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांत) टेनेसी आलं आणि ओहायो स्टेटने पहिल्याच चालीपासून चेंडू हवेत खेळवला. ४२-१७. मग रोझ बोलमध्ये ओरेगनला ४१-२१, टेक्ससला २८-१४, आणि २० जानेवारी २०२५ला अटलांटात नोटर डेमला ३४-२३. त्या अंतिम सामन्यातला एक क्षण मला सगळ्यात बोलका वाटतो. आघाडी घटत घटत ३१-२३वर आली होती, तिसरा डाउन होता, अकरा यार्ड हवे होते. घड्याळ काढायचं म्हणून आखडून धावण्याचा डाव घ्यायची ही ठरलेली जागा. तिथे क्वार्टरबॅक (पास फेकणारा) विल हॉवर्डने स्मिथला ५६ यार्डांचा पास टाकला आणि मॅच संपली. नोव्हेंबरातला डे हा डाव खेळला नसता.

स्वतःत बदल करण्याची डेची तयारी त्याआधीही दिसली होती. चाली ठरवणं ही त्याची खासियत. तरी २०२४ला त्याने ते काम चिप केलीकडे सोपवलं, आणि केली म्हणजे कोण, तर डे कॉलेजात क्वार्टरबॅक असताना त्याला शिकवणारा. फ्रँकलिननेही बदल केले, आणि पुष्कळ केले, पण ते हाताखालच्या माणसांत. आक्रमणाचे सूत्रधार एकामागून एक आले आणि गेले. अटीतटीच्या मॅचची शेवटची दहा मिनिटं मात्र तशीच राहिली. २०२५ला तर त्याने ओहायो स्टेटच्या करंडकामागचा बचावाचा सूत्रधार जिम नोल्स वर्षाला ३१ लाख डॉलर देऊन आणला. आक्रमणातले ड्रू ॲलर, निकोलस सिंगलटन, ॲलन सगळे परत आले, आणि हंगामाआधीच्या यादीत संघ दुसरा होता. मग ओरेगनविरुद्ध दुसऱ्या जादा डावात २४-३० हार, एकही मॅच न जिंकलेल्या यूसीएलएकडून ३७-४२, घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून २१-२२. दुसऱ्याच दिवशी, १२ ऑक्टोबरला, हकालपट्टी.

नशीब आणि हिशेब

डेची बाजू घेताना एक कबुली द्यावी लागते. बारा संघांचा प्लेऑफ २०२४पासून सुरू झाला. जुन्या चार संघांच्या पद्धतीत दोन मॅच हरलेल्या ओहायो स्टेटला दारही उघडलं नसतं. त्यातून त्या वर्षीचा संघ साधारण दोन कोटी डॉलर खेळाडूंवर खर्चून बांधलेला होता. विद्यापीठाच्या क्रीडा संचालकानेच तो आकडा सांगितला. पण त्याच वर्षी नव्या पद्धतीचं दार फ्रँकलिनलाही उघडं होतं. तो उपांत्य फेरीत पोचला आणि नोटर डेमकडून २४-२७ हरला, तेही शेवटच्या मिनिटात स्वतःच्या क्वार्टरबॅकने चेंडू विरोधकाच्या हातात दिल्यावर.

‘काढा त्याला’ म्हणणाऱ्यांनी खिशाकडेही पाहावं. फ्रँकलिनला काढलं तेव्हा पेन स्टेटच्या डोक्यावर कराराच्या उरलेल्या वर्षांपोटी जवळपास पाच कोटी डॉलरचं देणं होतं. तो सव्वा महिन्यात व्हर्जिनिया टेकला गेला म्हणून ते ९० लाखांवर मिटलं. असं सुदैव दर वेळी वाट्याला येत नाही. टेक्सस ए अँड एमने २०२३ला जिम्बो फिशरला काढलं, त्याचं देणं साडेसात कोटींच्या वर होतं.

आता निवड. तुमचा संघ तळाला असेल, भरती कोसळलेली असेल, तर फ्रँकलिन घ्यावा, आणि तोही आनंदाने. व्हर्जिनिया टेकला मिळालेला माणूस त्यांच्या गरजेला नेमका बसतो. फ्रँक बीमरची कारकीर्द २०१५ला संपल्यापासून तिथे कुणाचाच जम बसलेला नाही, आणि त्या लीगमध्ये दरवर्षी ओहायो स्टेटशी गाठ पडत नाही. नऊ-दहा विजय तो आणून देईल असं मला वाटतं. तिथल्या पालकांनी पहिली दोन-तीन वर्षं बेलाशक टाळ्या वाजवाव्यात.

संघ आधीच सशक्त असेल आणि फक्त शेवटची पायरी उरली असेल, तर डे. ‘हटवा’ म्हणण्याआधी पराभवानंतरच्या पुढच्या मोठ्या मॅचमध्ये कोच काही वेगळं करतो का ते पाहावं. डेने केलं. पेन स्टेटने बारा हंगाम वाट पाहिली आणि तसं काही दिसलं नाही, म्हणून त्यांचा निर्णय मला रास्त वाटतो, घाईत घेतल्यासारखा दिसला तरी.

डेला मात्र मी निर्धास्त म्हणणार नाही. करार २०३१पर्यंतचा, वर्षाला सव्वा कोटी डॉलरचा. २०२५ला त्याने मिशिगनला त्यांच्याच घरी, ॲन आर्बरमध्ये, २७-९ हरवून चार वर्षांचा काटा काढला. पण लगेच बिग टेनच्या अंतिम सामन्यात इंडियानाकडून पुन्हा तोच १३-१०, आणि प्लेऑफमध्ये मायामीकडून २४-१४. दोन मॅच मिळून दोन डझन गुण. एवढे गुणी रिसीव्हर असताना हे आक्रमण अडतं का, हा प्रश्न पुन्हा वर आला आहे. शिवाय मिशिगनने आता युटाहून काइल व्हिटिंगहॅमला आणलं आहे, आणि तो दोन दशकं एकाच जागी टिकून खेळाडू घडवलेला माणूस आहे. तेव्हा ओहायो स्टेटच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मिशिगनशी गाठ पडते तो नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार होईपर्यंत पैजा लावू नयेत.