तिरंदाजीची एका दिवसाची बॅग: पाठीवरची, चाकांची की शिवून घेतलेली?

स्पर्धा जळगावला किंवा धुळ्याला, साहित्य तपासणी सकाळी, आणि खेळाडू चाळीसगावचा, तळोद्याचा नाहीतर धडगावचा. म्हणजे पहाटेची एसटी, स्टँडवरून रिक्षा, फाटकापासून शूटिंग लाइनपर्यंत पायपीट आणि मग संध्याकाळपर्यंत उघड्यावर. खानदेशात तिरंदाजीची बॅग घ्यायची ती हा दिवस डोळ्यांसमोर ठेवून. पर्याय तीन आहेत: पाठीवर अडकवायची मऊ बॅग, चाकांची कडक केस, किंवा शिंप्याकडून शिवून घेतलेली लांब पिशवी आणि सोबत बाणांसाठी पाइप. आमचा कौल आधीच सांगतो. एसटीने फिरणाऱ्या रिकर्व्हवाल्याने पाठीवरची घ्यावी, कंपाउंडवाल्याने कडक केस आणि इंडियन राउंडवाल्याने शिवलेली. (रिकर्व्ह म्हणजे टोके वळलेले, सुटे होणारे धनुष्य; कंपाउंड म्हणजे चाके आणि केबल असलेले; इंडियन राउंड हा बांबूच्या धनुष्याचा देशी प्रकार.) पण कारणे वाचा. प्रवास वेगळा असेल तर उत्तरही बदलेल.

ऑनलाइन शोधताना चौथा प्रकारही समोर येतो: परदेशात धनुष्याने शिकार करणाऱ्यांसाठी बनवलेले पॅक. त्यांना धनुष्य बाहेरून बांधायचे पट्टे असतात आणि आतली जागा कपडे, दोरखंड, सुऱ्या यांच्या हिशेबाने पाडलेली असते. रायझर (धनुष्याचा मधला मुठीचा भाग), साइट (नेम धरायचे साधन), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारे दांडे) यांना धरून ठेवणारा एकही कप्पा त्यात नसतो. ते घेऊ नका. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकारीला बंदी आहे. त्याच कायद्याच्या व्याख्येत धनुष्यबाण शस्त्रांमध्ये मोडतात, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. स्पर्धा आटोपून पालला, यावल अभयारण्यात फिरून यायचा बेत असेल तर बॅग आधी घरी ठेवा. अनेर धरणाच्या अभयारण्यालाही हाच नियम आहे.

आधी टेप घ्या

बॅग चुकते ती बहुतेक वेळा लांबीत. रिकर्व्हचा 25 इंची रायझर साडेत्रेसष्ट सेंटिमीटर भरतो. लिम्ब, म्हणजे रायझरला जोडायच्या वरच्या-खालच्या पात्या, त्याच्या आसपास किंवा थोड्या जास्त असतात. म्हणून आतली लांबी 70 सेंटिमीटरच्या खाली नको. लाँग रॉड (पुढचा लांब स्टॅबिलायझर) मात्र 28 ते 30 इंचांचा, म्हणजे 71 ते 76 सेंटिमीटरचा असतो. तो बऱ्याच बॅगांत सरळ बसतच नाही, तिरका घालावा लागतो किंवा बाहेरच्या बाजूच्या खिशात उभा ठेवावा लागतो. बाणांचीही लांबी साधारण तेवढीच, म्हणून ते वेगळ्या ट्यूबमध्ये जातात. कडक केसच्या जाहिरातीत लांबी बाहेरून मोजलेली असते. भिंत आणि फोम दोन्ही टोकांना दोन-तीन सेंटिमीटर खातात, हे विसरू नका.

कंपाउंडला हे गणित लागू नाही. बो-प्रेस या दाबयंत्राशिवाय ते सुटे करता येत नाही, त्यामुळे अख्खेच न्यावे लागते. स्पर्धेचे कंपाउंड दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये 36 ते 40 इंच, म्हणजे 91 ते 102 सेंटिमीटर असते आणि कॅमची, म्हणजे टोकांवरच्या चाकांची, गोलाई त्याच्या बाहेर येते. केस विकत घेण्याआधी स्वतःचे धनुष्य एका कॅमच्या कडेपासून दुसऱ्या कॅमच्या कडेपर्यंत मोजा.

इंडियन राउंडचे बांबूचे धनुष्य अखंड असेल तर साधारण पाच ते साडेपाच फूट. ते पाठीवरच्या बॅगेत जाणार नाही आणि तेवढी केस परवडणारही नाही. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत तीरकामठा पिढ्यान् पिढ्या आहे, तिथून या प्रकारात येणारी मुले बरीच असतात. त्यांनी महागड्या बॅगेसाठी पैसे जमवत बसू नये. शिवलेली पिशवी त्यांच्या धनुष्याला इतर दोन्हींपेक्षा खरोखर चांगली आहे.

एसटी, काळी-पिवळी, रेल्वे

पाठीवरच्या बॅगेचे वजन रिकामी असताना दोन-अडीच किलो. त्यात रायझर, लिम्ब, साइट, स्टॅबिलायझर, डझनभर बाण, क्विव्हर (भाता) आणि अवजारे मिळून चार-पाच किलो. पाणी धरले की दहा-अकरा किलो होते. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि गर्दीच्या एसटीत ती मांडीवर किंवा पायांशी उभी धरता येते. कडक केस रिकामीच चार-पाच किलोची. तिला डिकीत टाकावे लागते आणि तिच्यावर कुणाचे पोते येईल ते सांगता येत नाही. कडक कवचाचा उपयोग नेमका तिथेच आहे: पोते केसवर आले तरी आत काही होत नाही, तेच मऊ बॅगेवर आले तर कार्बनचा बाण चिरतो किंवा साइटची पिन वाकते.

म्हणून मऊ बॅग डिकीत किंवा काळी-पिवळीच्या टपावर कधीच टाकायची नाही. हा नियम पाळता येणार असेल तरच मऊ बॅग घ्या. सुरत–भुसावळ मार्गावरच्या गाडीने अमळनेर किंवा नंदुरबारहून येणाऱ्याला तो पाळता येतो, कारण बॅग स्वतःजवळच राहते. धडगावहून घाट उतरून जीपने येणाऱ्याला दर वेळी जमेलच असे नाही. तरीही मऊच घेतली तर त्याने बॅगेत पाठीच्या बाजूला चार मिलिमीटरची प्लायवुडची पट्टी घालावी आणि साइट कपड्यात गुंडाळून मधोमध ठेवावी.

चाकांचे सांगतो. रेल्वे फलाटावर आणि डांबरी रस्त्यावर चाके उत्तम. पावसाळ्यात मात्र काळी माती चाकात अडकली की ते फिरायचे थांबते, आणि नऊ-दहा किलोची केस हातात उचलून न्यावी लागते. मैदानाला मातीचाच रस्ता असेल तर चाकांचे पैसे वाया गेले समजा.

प्रवासात धनुष्याची स्ट्रिंग उतरवलेली, सगळे बॅगेत बंद आणि संघटनेचे ओळखपत्र किंवा स्पर्धेचे पत्र वरच्या खिशात. कुणी विचारले तर दाखवायला सोपे जाते.

ऊन: इथे निर्णय फिरतो

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. बंद गाडीत किंवा उन्हातल्या काळ्या केसमध्ये उष्णता त्याहून बरीच वर जाते, आणि तिथे तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, बाणांची टोके. कार्बनच्या बाणात पॉइंट बहुतेक वेळा गरम करून लावायच्या डिंकाने बसवलेले असतात. उष्णतेने तो मऊ पडतो. बाण ओढला की पॉइंट बटमध्येच (लक्ष्यामागच्या जाड फळीत) राहतो आणि नुसती नळी हातात येते. नेमबाजी सुरू करण्याआधी प्रत्येक पॉइंट बोटांनी पिळून पाहा. जरासा जरी फिरला तरी तो बाण बाजूला ठेवा. दुसरी, स्ट्रिंग. आजच्या स्ट्रिंगचे धागे उष्णतेत आणि ताणाखाली किंचित लांबतात, त्यामुळे ब्रेस हाइट, म्हणजे स्ट्रिंग आणि मूठ यांच्यातले अंतर, उतरते. 68 इंची रिकर्व्हला ती साधारण साडेआठ ते नऊ इंच ठेवतात. सकाळी लावलेली ब्रेस हाइट दुपारी पुन्हा मोजायची, उतरली असेल तर स्ट्रिंगला काही पीळ वाढवायचे. म्हणून बो-स्क्वेअर (ती मोजायची पट्टी) बॅगेच्या तळाशी नको, बाहेरच्या खिशात हवा. तिसरी गोष्ट लिम्ब: त्यांचे थर डिंकानेच जोडलेले असतात. बंद गाडीत दुपारभर ठेवलेल्या लिम्बचे थर सुटणे किंवा लिम्ब पिळला जाणे, हे नुकसान दुरुस्त होत नाही.

काळी कडक केस या बाबतीत सर्वांत वाईट. जाड फोम उष्णता धरून ठेवतो आणि केस सावलीत नेली तरी आतले साहित्य लवकर निवत नाही. केस घ्यायचीच असेल तर फिकट रंगाची पाहा, आणि तीही घेताना पांढरी सुती चादर सोबत ठेवायची हे ठरवूनच घ्या. दीड मीटर लांब-रुंद चादर पुरते. बॅग सावलीत ठेवायची, वर चादर टाकायची. सावली सरकते, त्यामुळे दर दोन-तीन फेऱ्यांनी बॅग कुठे आहे ते पाहायचे. मऊ बॅगेलाही चादर लागतेच, पण तिची चेन उघडून ठेवली की हवा खेळते.

स्ट्रिंगला मेण लावायची कांडी झिपच्या छोट्या पिशवीत ठेवा. ती वितळून टॅबला (स्ट्रिंग ओढताना बोटांवर घालायच्या तुकड्याला) लागली तर चामड्याचा टॅब दिवसभर चिकटतो.

धूळ आणि पाऊस

उन्हाळ्यात बारीक धूळ चेनच्या दातांत बसते आणि चेन अडते. मऊ बॅग घेताना मोठ्या दातांची चेन पाहा, बारीक दातांची सहा महिन्यांत त्रास देते. केसला कड्या असतात, हा तिचा मोठा गुण. पावसात मऊ बॅग शिवणीतून गळते, कडक केस सहसा गळत नाही. पण केस ओली बंद करून ठेवली तर फोममध्ये ओल राहते आणि एलन की आणि क्लिकर, प्लंजर अशा रायझरवरच्या धातूच्या लहान भागांना गंज चढतो. बांबूच्या धनुष्याला तर ओलीचे वावडेच. त्याची दोरी उतरवायची, कोरड्या फडक्याने पुसायचे आणि आडवे ठेवायचे. भिंतीला तिरके टेकवून नाही.

शिवून घ्यायची असेल तर

कापड जाड कॅनव्हास, आतून फ्लॅनेल किंवा जुनी रजई. लांबी धनुष्याच्या लांबीपेक्षा 10 सेंटिमीटर जास्त, रुंदी 18 ते 20 सेंटिमीटर. टोकाला रेक्झिनचा दुहेरी तुकडा लावून घ्या, कारण पिशवी जमिनीला टेकते ती तिथेच आणि फाटतेही तिथेच. पट्टा पिशवीला एका ठिकाणी शिवून भागत नाही. दोन ठिकाणी, प्रत्येकी चौकोनात फुली मारून शिवायला सांगा.

बाणांसाठी 90 मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप. खानदेशात ठिबक-पाइपांचे दुकान प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे, तुकडा सहज मिळतो. बाणाच्या लांबीपेक्षा पाच सेंटिमीटर जास्त कापा, एका बाजूला एंड कॅप चिकटवा, दुसरी काढता-घालता येईल अशी ठेवा. तळाशी दोन सेंटिमीटर फोम, आणि बाण टोके खाली करून. पाइप पांढरा किंवा राखाडी घ्या, काळा तापतो. बारा बाणांपेक्षा जास्त कोंबू नका, पिसे घासून मुरडतात आणि मुरडलेल्या पिसाचा बाण सरळ जात नाही.

आत काय, कोणत्या क्रमाने

भरण्याचा क्रम बॅगेच्या प्रकारावर अवलंबून नाही. सर्वांत आधी लागणारे सर्वांत वर: बो-स्ट्रिंगर (स्ट्रिंग चढवायची दोरी), रायझर, लिम्ब, एलन कीचा संच. लिम्ब एकमेकांना घासू नयेत म्हणून दोन वेगळ्या कापडी खोळी. साइट रायझरवरून काढून तिचा आकडा वहीत लिहून ठेवा, प्रवासात स्क्रू सरकला तरी आकडा जागेवर आणता येतो.

जोडीला बाहेरच्या खिशात: दुसरा टॅब, राखीव स्ट्रिंग, चार-सहा नॉक (बाणाच्या मागच्या खाचा), सर्व्हिंगचा (स्ट्रिंगवर गुंडाळायचा) धागा, छोटी कात्री, बाण ओढायचे रबर, दोन पेन. राखीव स्ट्रिंगवर नॉकिंग पॉइंट (बाण लावायच्या जागेची खूण) बांधलेला असावा आणि तिने आधी शंभरेक बाण मारलेले असावेत. कोरी स्ट्रिंग स्पर्धेच्या मध्यात लावली तर ती ताणत राहते आणि प्रत्येक फेरीला बाणांची जागा सरकते. बाण बारा न्या. पात्रता फेरीत 72 बाण सोडायचे असतात, सहा-सहाच्या बारा फेऱ्यांत. दोन-तीन तुटले किंवा हरवले तरी सहा एकसारखे बाण उरले पाहिजेत. प्रत्येकावर स्वतःची आद्याक्षरे, तपासणीत ती पाहतात. काळ्या मातीत घुसलेला कार्बनचा बाण ओढून काढल्यावर वाकवून आणि पिळून ऐका. कडकड आवाज आला तर तो पुन्हा वापरू नका, सोडताना फुटला तर चिपा हातात घुसतात.

कंपाउंडवाल्यांनी या यादीत राखीव रिलीज (स्ट्रिंग सोडायचे हातातले यंत्र) धरावा, त्याच्याच ताणाला लावलेला.

पाणी चार लिटर आणि ओआरएसची पाकिटे, ती बॅगेच्या बाहेर. जेवणाची पिशवी वेगळीच असू द्या. दशम्या दिवसभर टिकतात, भरीत-पुरीही उत्तम, पण तेलाचा हात टॅबला लागला की स्ट्रिंग बोटांवरून वेगळी सुटते आणि बाणांचा गट फाकतो. रावेर-यावलची केळी न्यायचीच तर ताठ डब्यात, बॅगेत चिरडलेले केळे साफ करायला अख्खी दुपार जाते.

मग कोणती

तुम्ही रिकर्व्ह खेळता आणि एसटी-रेल्वेने जाता, तर पाठीवरची, आत प्लायवुडची पट्टी आणि बाहेर बाणांची ट्यूब. घरची गाडी आहे आणि साहित्य महागाचे आहे, तर फिकट रंगाची केस. कंपाउंडवाल्यांना खरे तर पर्याय नाही: मऊ खोळीत पीप (स्ट्रिंगमधले, नेम धरताना पाहायचे भोक) आणि केबल दाबाने सरकतात आणि बाण उंच-खाली जायला लागतात. विमानाने राष्ट्रीय स्पर्धेला जायचे असले तरी केसच लागते, कारण धनुष्य आणि बाण चेक-इन सामानातच जातात. अशा वेळी 15 किलोच्या मर्यादेत रिकाम्या केसचे पाच किलो आधीच गेलेले असतात, हे तिकीट काढतानाच मोजा.

जुनी बॅग कुणाकडून घेत असाल तर आधी चेन पूर्ण उघडा-मिटा, पट्ट्यांची शिवण ओढून पाहा आणि केसच्या कड्या दहा वेळा लावा-काढा. मग स्वतःचे सगळे साहित्य नेऊन तिथेच त्यात भरून पाहा, लाँग रॉडसह.