पेंचमधील महामार्ग 44 : वरून वाहने, खालून वाघ

नागपूरहून सिवनीकडे नेणारा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग 44 प्रवाशांसाठी उत्तम आहेच. पण त्याचे खरे मोल पेंचच्या जंगलात पुलांखाली वन्यप्राण्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या, 50 ते 750 मीटर रुंदीच्या नऊ वाटांत आहे. 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेरा सापळ्यांनी या वाटांवर वाघ, रानकुत्रे, चितळ यांसह 18 प्रजाती टिपल्या. गोंगाट आणि दिव्यांचा झोत प्राण्यांना बिचकवतो, म्हणून पुलांच्या कडेला बसवलेले ध्वनी व प्रकाशरोधक मला विशेष मोलाचे वाटतात. मात्र दोन पुलांमधल्या जमिनीलगतच्या पट्ट्यात गेल्या खेपेस अनेक ट्रक कर्कश भोंगे वाजवत सुसाट गेले, हे फार खटकले. तेथे रात्रीची वेगमर्यादा कडकपणे पाळली जायलाच हवी.