'सेरेमोनिअल ग्रेड' माचाच्या नावाखाली काय गळ्यात मारलं जातं

एका ग्राहकाने ऑनलाइन 'प्रीमियम जपानी टी कॉम्बो' मागवला. 100 ग्रॅम सेरेमोनिअल माचा (सावलीत वाढवलेल्या हिरव्या चहाची बारीक भुकटी) आणि 100 ग्रॅम ग्योकुरो (तसाच सावलीतला, पण पानांचा चहा), दोन्ही मिळून 1,800 रुपये. शेजारी 4,500 वर काट मारलेली. चव कडू लागली तेव्हा आपल्यालाच करता येत नाही असं त्याला वाटलं. विक्रेत्याला हवं असतं ते हेच.

माचाच्या पुड्यावर पुढच्या बाजूला फुजी पर्वत, चार जपानी अक्षरं आणि 'उजी', 'सेरेमोनिअल', 'स्टोन ग्राउंड' हे शब्द. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटक: ग्रीन टी पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन (भर घालायला वापरतात ती स्टार्चची भुकटी). उगम देश कुठेच नाही, नुसतं 'पॅक्ड इन इंडिया'. उजी क्योटोच्या दक्षिणेला आणि फुजी शिझुओका-यामानाशीच्या हद्दीवर, म्हणजे चित्राचा आणि नावाचाही मेळ नाही. पण फुजी काय, सगळेच छापतात.

आता शब्दांचं बघू. 'सेरेमोनिअल ग्रेड', म्हणजे चहा-समारंभाच्या दर्जाची, अशी कुठलीही अधिकृत प्रत जपानमध्ये नाही. तो निर्यातीच्या बाजारात रुळलेला शब्द आहे आणि कोणीही छापू शकतो. 'उजी'ला निदान व्याख्या आहे: 2004 पासून तिथल्या चहा व्यावसायिकांच्या संघटनेने क्योटो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रांतांतलं पान, क्योटोत प्रक्रिया केलेलं, एवढ्यालाच उजी चहा म्हणायचं ठरवलं आहे. त्यामुळे पान शेजारच्या प्रांतातलं असणं ही फसवणूक नव्हे. चीनमधल्या ग्वेइचौची भुकटी 'उजी' म्हणून विकणं ही फसवणूक. तिथे माचा प्रचंड प्रमाणात होतो आणि तो चीनचा म्हणून विकला तर त्यात काहीच गैर नाही.

'स्टोन ग्राउंड'ला साधा हिशेब लावा. दगडी जात्यातून तासाला साधारण 40 ग्रॅम माचा निघतो, म्हणजे 100 ग्रॅमसाठी जातं अडीच तास फिरतं. त्याआधी झुडपं तीन आठवड्यांच्या आसपास सावलीत ठेवायची, पान वाफवून न वळता वाळवायचं, शिरा-देठ काढून तेंचा, म्हणजे दळण्याआधीचं पान, तयार करायचं. त्यातच 2024 च्या शरदात मागणी एवढी वाढली की उजीतल्या जुन्या पेढ्यांनी विक्रीवर मर्यादा घातली. अशा काळात कोणी 100 ग्रॅमवर 60 टक्के सूट देत असेल, तर आत माचा नाही, दळलेला साधा हिरवा चहा आहे असंच धरून चाला.

घरी तपासायचं असेल तर कॉफीचा फिल्टर कागद घ्या. 1 ग्रॅम भुकटी 100 मिली कोमट पाण्यात घुसळून गाळा. पानातलं हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून खाली उतरणारं पाणी फिकट, पिवळसर हिरवं असायला हवं. ते पोपटी, सरबतासारखं उतरलं तर रंग मिसळलेला आहे. कोरडी चिमूट जिभेवर ठेवून बघा: सरळ गोड लागली तर साखर. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र जिभेला फारसं कळत नाही, त्याला घटकांची यादीच वाचावी लागते. पांढऱ्या कागदावर बोटाने फराटा ओढला की शेवाळी-पिवळा रंग उघड दिसतो, पण त्यावरून माल जुना आहे की हलका, एवढंच समजतं. 'खरा माचा तळाशी बसत नाही' ही चाचणी निव्वळ थाप. माचा विरघळत नाही, थोड्या वेळाने तो तळाशी बसणारच.

ग्योकुरोची लबाडी जास्त सफाईदार असते. या पुड्यात पिवळट, जाडसर पान आणि देठांचे तुकडे होते, म्हणजे उन्हाळ्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या तोडणीचा सेंचा, म्हणजे उन्हात वाढलेला साधा जपानी हिरवा चहा, असावा. ग्योकुरोची झुडपं निदान वीस दिवस सावलीत असतात. ऊन कमी मिळालं की थिअनिन या दाट चवीच्या द्रव्याचं कॅटेचिन या तुरट द्रव्यात रूपांतर कमी होतं, म्हणून चव दाट आणि तुरटपणा कमी. 5 ग्रॅम पान, 80 मिली पाणी, 55 अंश, दोन मिनिटं. एवढ्यात कढणासारखी घट्ट, किंचित समुद्री वासाची चव आली नाही तर ते ग्योकुरो नव्हे. या पुड्यावर छापलं होतं, 'उकळत्या पाण्यात 3 मिनिटं'. उकळत्या पाण्यात अस्सल ग्योकुरोही कडवट होतो, मग ग्राहक स्वतःलाच दोष देतो आणि माल परत करत नाही.

जपानी परीक्षकही उकळतं पाणी वापरतात, पण ते दोन-चार नमुने शेजारी ठेवून. 3 ग्रॅम पान, 200 मिली पाणी, पांढरी वाटी, सगळ्यांना सारखाच वेळ. भरवशाच्या दुकानातला 10 ग्रॅमचा नमुना शेजारी ठेवला की दोष लपत नाहीत. सर्वांत फसवा असतो 'काबुसेचा' नावाचा चहा. त्याला सावली आठवडा-दहा दिवसांचीच, पण कोमट पाण्यात तो ग्योकुरोच्या जवळ जातो. तो वाईट नाही, ग्योकुरोच्या भावात वाईट.

'पुरस्कारप्राप्त' वाचून भुलू नका. स्पर्धेला उतरलेला माल काही किलोंचा असतो, तुमच्या पुड्यात त्याच गावचा दुसराच चहा येतो. प्रांत, झुडपाची जात आणि तोडणीचं वर्ष लिहिणारा विक्रेता बहुधा सरळ असतो. दक्षिण जपानमधल्या यामे भागाच्या पारंपरिक ग्योकुरोला 2015 पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा त्या नावावर मानांकनाचं चिन्ह मागा.

भारतात आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, उगम देश आणि 14 आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक लागतो. क्रमांक प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं. इथे तो मसाल्याच्या एका कारखान्याचा निघाला.

पुडा फोडताना व्हिडिओ घ्या, बिल जपून ठेवा आणि उरलेली भुकटी मूळ पुड्यातच राहू द्या. विक्रेत्याला लिहिण्याआधी त्याच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढा, कारण तक्रार पोचताच 'उजी' शब्द गायब होतो. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा.